रात्री घरी ठरतं, सकाळी कारखान्यात कळतं

घरच्या धंद्यात चांगला माणूस मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, आणि टिकला तर त्याच्यात काही दम उरत नाही. ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलेय, आधी आजोबांकडून, मग बाबा आणि काकांकडून, आणि आता चुलतभाऊ पण तेच म्हणायला लागलाय, म्हणजे तक्रारसुद्धा वारशाने येते बहुतेक. आमचा कोरुगेटेड बॉक्सचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, कारखाना आहे. बाबा कस्टमर बघतात, काका खरेदी, चुलतभाऊ मशिनं आणि मेंटेनन्स, आणि मी हिशेब आणि माणसं. ही कागदावरची वाटणी. प्रत्यक्षात चौघंही सगळं बघतात आणि चौघांचाही शब्द चालतो, आणि माझं म्हणणं असं की माणसं न टिकण्याचं मूळ तिथे आहे, पगारात नाही. पगाराचं पण बोलू, पण नंतर.

एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. क्राफ्ट पेपरच्या, म्हणजे ज्यापासून बॉक्स बनतो त्या तपकिरी कागदाच्या, रिळांची गाडी आली होती, हवा दमट. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर घरातले नाहीत, बाहेरून घेतलेले. त्यांनी नेहमीप्रमाणे दोनतीन रिळांना मॉइश्चर मीटर लावला, आकडा फारच वर. ओल्या कागदाचं काय होतं ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, पेस्ट नीट धरत नाही, शीट वाकडी होते, आणि बॉक्सवर बॉक्स रचले की खालचा बसतो. त्यांनी चलनावर रिजेक्टेड लिहिलं, सही केली आणि गाडी परत पाठवली. रात्री सप्लायरचा फोन आला तो काकांना. जुनी ओळख, अडीनडीला उधारी सांभाळून घेणारा माणूस. जेवता जेवता ठरलं की या वेळी घेऊन टाकू, पुढच्या वेळी बघू. सकाळी मॅनेजर गेटमधून आत आले तेव्हा तीच गाडी उतरवून घेणं चालू होतं, आणि सिक्युरिटीच्या टेबलावर त्यांचं तेच चलन पडलेलं, त्यांच्या सहीवर काट मारून खाली काकांची सही.

ते काही बोलले नाहीत. केबिनमध्ये गेले, दिवसाचं प्लॅनिंग लावलं, काम सुरू.

आता हे मुद्दाम सांगते की काकांचा निर्णय धंद्याच्या दृष्टीने बरोबरही असू शकतो. उधारी देणारा सप्लायर तोडणं सोपं नसतं, आणि तो कागद आतल्या लेयरला, कमी वजनाच्या मालाला वापरता येतो. पण निर्णय चूक की बरोबर हा मुद्दाच नाही ना. ज्या माणसाची सही होती त्याला सकाळी निघायच्या आधी एक फोन करायला काय हरकत होती? दोन मिनिटांचं काम. ते झालं नाही, कारण कुणाच्या मनातच आलं नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे असं घरातल्या सगळ्यांना वाटलं. त्यानंतर मॅनेजर प्रत्येक गोष्ट विचारायला लागले. ब्लेड बदलू का, ओव्हरटाइम लावू का, अमुक ऑर्डर आधी काढू का. थोड्या दिवसांनी काका वैतागून म्हणाले, "या माणसात स्वतःहून काही करायची धमकच नाही."

धमक नव्हती तर भरलेली गाडी परत पाठवली ती कुणी?

मला वाटतं मोटिव्हेशन या विषयावर घरच्या धंद्यातले लोक उलट्या बाजूने विचार करतात. माणसाला उत्साह कसा द्यायचा, कुठलं ट्रेनिंग, कुठला स्पीकर बोलवायचा, महिन्याचा बेस्ट एम्प्लॉयी वगैरे. अहो, पहिल्या दिवशी प्रत्येक जण थोडाफार उत्साह घेऊनच येतो, नवीन नोकरी असते, घरी सांगून आलेला असतो. आपण तो काढून घेतो तेवढं थांबवलं तरी पुष्कळ. आणि काढून घेण्याची आपली पद्धत आरडाओरडा, अपमान अशी नसतेच, आमच्याकडे तरी कुणी कुणाला वाईट बोलत नाही. पद्धत ही, की रात्री घरी ठरतं आणि सकाळी त्यांना कळतं. कधी कळतही नाही.

रेनाटो टॅग्युरी आणि जॉन डेव्हिस या दोघांनी हार्वर्डमध्ये १९७८ साली कुटुंबाच्या धंद्यासाठी एक आकृती काढली होती, एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं, एक कुटुंबाचं, एक मालकीचं, एक धंद्यात काम करणाऱ्यांचं. ती वर्तुळं एकमेकांवर आली की सात वेगवेगळ्या जागा तयार होतात आणि धंद्याशी संबंध असलेला प्रत्येक माणूस त्यातल्या कुठल्यातरी एका जागेत बसतो. मी ती आकृती एका रद्दी कागदावर काढून आमची नावं भरली. बाबा, काका, भाऊ आणि मी मधोमध, तिन्ही वर्तुळांत. आत्या कुटुंब आणि मालकी, तिचे शेअर आहेत पण ती कारखान्यात येत नाही. काकू फक्त कुटुंबात, असं कागद म्हणतो, प्रत्यक्षात काय ते आम्हाला माहीत. आणि मॅनेजर, डिस्पॅचवाले, अकाउंटंट, ऑपरेटर सगळे काठावर, एकाच वर्तुळात. मधल्या चौघांना एकच बातमी तीन तीन वाटांनी कळते, जेवताना, गाडीत, बँकेत जाता येता. काठावरच्याला एकच वाट, आणि ती पण आम्ही उघडली तर. हे कुणाच्या वाईटपणामुळे होत नाही, रचनाच तशी आहे. म्हणून नुसतं स्वभावाने चांगलं असून भागत नाही, रचनेत काहीतरी बदलावं लागतं.

आम्ही बदललं ते फार मोठं काही नाही. कुठल्या गोष्टी मॅनेजर एकट्याने ठरवणार त्याची यादी केली, त्यात माल रिजेक्ट करणं आलं, शिफ्ट लावणं आलं, ठराविक रकमेपर्यंतची खरेदी आली. आणि नियम असा की त्यातला निर्णय फिरवायचा झाला तर फिरवणाऱ्याने आधी त्यांच्याशी बोलायचं, नंतर नाही. काकांना हे जड गेलं, अजूनही जातं. "स्वतःच्या कारखान्यात परवानगी काढू का?" परवानगी नाही हो काका, फोन. फोन करा.

आता माणूस निवडण्याबद्दल. आमच्याकडे इंटरव्ह्यू म्हणजे चौघं टेबलाच्या एका बाजूला आणि तो बिचारा दुसऱ्या बाजूला. बाबा आधीच्या नोकरीबद्दल विचारणार, काका ओळखीपाळखीचं कोण निघतं का ते बघणार, भाऊ मशीनचा एखादा अवघड प्रश्न टाकून स्वतःच उत्तर देणार. माणूस गेला की निकाल एका वाक्यात, "बरा वाटला, आपल्यात मिसळेल." आपल्यात मिसळेल म्हणजे बहुतेक वेळा आपल्याला हो म्हणेल. मग दोन वर्षांनी तोच सगळ्याला हो म्हणतो म्हणून आपण डोकं धरून बसतो.

श्मिट आणि हंटर या दोन संशोधकांनी १९९८ साली माणसं निवडण्यावरचं तोवरच्या ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून तपासलं होतं. त्यात गप्पांसारखा इंटरव्ह्यू बराच मागे पडला, आणि सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारणं आणि खऱ्या कामाचा नमुना करून घेणं या गोष्टी पुढे आल्या. २०२२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ते आकडे नव्याने मांडले, बहुतेक पद्धतींचे मार्क कमी झाले, पण ठरलेल्या प्रश्नांचा इंटरव्ह्यू तेव्हाही वरच राहिला. म्हणजे ही काही कुणाची लहर नाही.

आमचा कामाचा नमुना साधा आहे. एकाच मापाचे दोन बॉक्स, एक धड आणि एक दबलेला, टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचं, कस्टमरने हा परत पाठवलाय, बघा काय झालंय. दबलेल्यात फ्लूट आडवी गेलेली असते. फ्लूट म्हणजे दोन कागदांच्या मधली ती नागमोडी पन्हाळी. ती उभी असेल तर बॉक्स वरचं वजन पेलतो, शीट कापताना फिरली आणि आडवी गेली की भरवशाचा कागद वापरूनही बॉक्स बसणारच. एक जण आले होते, मोठ्या कंपनीतून, टीम, लीडरशिप, टार्गेट यावर छान बोलले, अर्धा तास बोलले, बॉक्सला हात लावला नाही. दुसरा मुलगा आला, बोलायला अगदीच बुजरा, बाबांच्या दोन प्रश्नांना तर नुसती मान हलवली. बॉक्स दिल्यावर त्याने तो उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला, फ्लॅपच्या दुमडीत नख घालून बघितलं आणि विचारलं, "मॅडम, हा कितव्या थरातला?" म्हणजे गोडाऊनमध्ये किती उंच रचले होते आणि हा खालचा होता की मधला. आडव्या फ्लूटचं त्याच्या लक्षात आलंच, पण ते सांगायच्या आधी त्याला हे हवं होतं. काका म्हणाले हा बोलत नाही. मी म्हटलं कामाचं तेवढं बोलला की. तो आज क्वालिटी बघतो आणि बोलतो पण, हल्ली तर काकांना पण बोलतो.

आणि इंटरव्ह्यूला अजून एक गोष्ट मी आवर्जून करते जी भावाला अजिबात आवडत नाही. मी वाईट बाजू सांगते. मालक चार आहेत आणि चौघांचं रोज पटतंच असं नाही. जागा मॅनेजरपर्यंतची आहे, डायरेक्टर कुणी बाहेरचा आजवर झालेला नाही. सीझनमध्ये सुट्टी मिळणं कठीण. जॉन वॅनस नावाच्या संशोधकाने १९७० च्या दशकात यावर काम केलंय, नोकरीचं खरं चित्र आधीच दाखवलं तर येणारा माणूस अवास्तव अपेक्षा घेऊन येत नाही आणि लवकर सोडून जाण्याचं प्रमाण थोडं कमी होतं. थोडं, जादू नाही. पण मला त्याचा वेगळा फायदा दिसतो, माणूस उलटे प्रश्न विचारतो. "मग चौघांपैकी माझं फायनल कोण?" हा प्रश्न ज्याने विचारला त्याला मी मनातल्या मनात अर्धा घेऊन टाकलेला असतो.

पगार. हेन्री फोर्डच्या पाच डॉलरची गोष्ट सगळे सांगतात, जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाची मजुरी जवळजवळ दुप्पट केली आणि कामाचे तास नऊचे आठ केले. त्याच्या आदल्या वर्षी त्याच्याकडे माणसं सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्के होतं, म्हणजे शंभर जागा भरलेल्या ठेवायला वर्षाला पावणेचारशे माणसं लागायची, असेंब्ली लाइनचं काम लोकांना सोसतच नव्हतं. पगार वाढवल्यावर गळती एकदम खाली आली. तेव्हा पगाराने काही होत नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी पगार वेळेवर आणि बाजारभावाने द्यावा आणि मग बोलावं. पण या गोष्टीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. त्या पाच डॉलरमधला साधारण अर्धा भाग नफ्यातला वाटा म्हणून होता आणि तो मिळायला कामगाराचं घर, खर्च, दारू पिणं सगळं कंपनीच्या सोशिऑलॉजिकल डिपार्टमेंटला पसंत पडावं लागायचं, माणसं घरी येऊन तपासून जायची.

आमच्याकडे असं डिपार्टमेंट नाही पण काकू आहेत. कुणाचं लग्न कुठे जमतंय, कुणाची सून घरी का नाही, कुणाचा मुलगा नापास झाला, सगळं माहीत. त्यातली माया खोटी नाही, एका ऑपरेटरच्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी काकू दवाखान्यात रात्रभर बसलेल्या मला माहीत आहेत आणि तो माणूस आजही त्यांचं नाव काढतो. पण याचीच दुसरी बाजू उचलीमध्ये दिसते. ज्याला काकांकडे जाऊन घरचं सांगता येतं त्याला उचल मिळते, ज्याला घरचं कुणाला सांगायला आवडत नाही तो तसाच राहतो. आणि कुणाला किती मिळाली हे शॉप फ्लोअरवर सगळ्यांना ठाऊक असतं, आम्हालाच फक्त वाटतं की ते गुपित आहे. आता उचल माझ्या एका रजिस्टरमधून जाते, मर्यादा सगळ्यांना सारखी, कारण विचारायचं नाही. काका यावर दोन आठवडे माझ्याशी नीट बोलत नव्हते, कारण देणाऱ्याचं सुख मी काढून घेतलं.

फ्रान्समधला एक अभ्यास आहे, आंद्रेआ बासानिनी आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा, कामगार आणि कंपनी दोन्हींची माहिती जोडून केलेला. कुटुंबाच्या कंपन्या पगार थोडा कमी देतात पण माणसाला काढून टाकण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी असतं. वाचून मला वाटलं अरे, हे तर आम्हीच. आणि मग वाटलं की अशा ठिकाणी येणार कोण आणि राहणार कोण? ज्याला सुरक्षितता हवी तो. त्यात काही कमीपणा नाही, प्रत्येकाच्या घरची परिस्थिती असते. पण वर्षानुवर्षं असंच चाळत गेलं की जपून चालणारी माणसं तेवढी साठतात, आणि मग मालक म्हणतो कुणी पुढाकार घेत नाही. अहो, तुम्ही दिलंत काय आणि मागताय काय? त्यात अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमनने १९७० मध्ये दाखवलेली गोष्ट मिसळा, की एखाद्या ठिकाणाचा दर्जा घसरायला लागला की माणूस एकतर बोलतो नाहीतर निघून जातो, आणि ज्यांनी तोंड उघडलं असतं तेच बरेचदा आधी निघून जातात, कारण त्यांना बाहेर मागणी असते. आमच्याकडून गेलेल्यांची नावं मी आठवून बघितली. बहुतेक सगळे भांडणारे होते. राहिलेल्यांचा आवाज नाही याचं काकांना समाधान वाटतं, मला त्याचीच भीती वाटते.

आता सगळ्यात अवघड भाग, वरच्या जागेचा. बाहेरचा हुशार माणूस तुमच्याकडे आला की दुसऱ्या तिसऱ्या महिन्यातच त्याला घरात कोण कोण वाढतंय ते कळतं, कुणाचं कॉलेज कधी संपणार ते पण. डेन्मार्कमध्ये मॉर्टन बेनेडसेन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली एक अभ्यास छापला, त्यांनी मालकाचं पहिलं अपत्य मुलगा की मुलगी हे बघितलं, कारण मुलगा असला तर खुर्ची घरातच जाण्याची शक्यता वाढते. आणि घरात खुर्ची दिल्यावर धंद्याची कमाई सरासरीने चांगलीच घसरते असं निघालं. (मी पहिलं अपत्य आणि मुलगी, त्यामुळे हे मी घरी फार चवीने सांगितलं होतं. बाबा हसले. काकांनी विषय बदलला.)

जपानी लोकांनी यावर आपला उपाय काढलाय, कर्तबगार माणूस घरातला नसेल तर त्याला घरातला करून घ्यायचा. तिथे मोठ्या वयाच्या माणसाला दत्तक घेण्याची पद्धत आहे, बरेचदा जावयालाच. आपल्याला मारुतीमुळे माहीत असलेले ओसामू सुझुकी जन्माने मात्सुदा होते, लग्न सुझुकी घराण्यात केलं, आडनाव घेतलं, १९५८ मध्ये कंपनीत लागले आणि १९७८ पासून कितीतरी दशकं त्यांनी ती चालवली, २०२४ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी गेले. आणि २०१३ च्या एका संशोधनात असं दिसलं की जपानमध्ये दत्तक वारसांनी चालवलेल्या कंपन्या रक्ताच्या वारसांच्या कंपन्यांपेक्षा सरस ठरतात. दत्तक घ्या असं मी म्हणत नाहीये, आमच्याकडे चलनावरची सही सांभाळताना एवढं रामायण झालं. पण त्यामागचा विचार मला पटतो. खुर्ची कष्टाने मिळू शकते हे बाहेरच्याला दिसतं, आणि नुसत्या जन्माने मिळणार नाही हे घरच्याला पण दिसतं, आणि हे दुसरं जास्त महत्त्वाचं असेल कदाचित.

बाहेरची माणसं मालकासाठी किती जाऊ शकतात याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या मार्केट बास्केट या सुपरमार्केट साखळीचं. एका घराण्याच्या दोन शाखांचं भांडण होतं, २०१४ च्या जूनमध्ये एका गटाने आर्थर टी. डेमूलस या सीईओला काढलं, तर मॅनेजर, गोडाऊनवाले, ट्रक ड्रायव्हर असे हजारो लोक युनियन नसताना त्याच्यासाठी रस्त्यावर आले, दुकानांचे शेल्फ रिकामे पडले, गिऱ्हाइकांनी पण साथ दिली, आणि ऑगस्टअखेर भावकीतल्या दुसऱ्या गटाचे शेअर विकत घेऊन तो परत आला. तिथे नोकरांना नफ्यातला वाटा होता, आणि खालून सुरुवात करून दुकानाचा मॅनेजर होता येत होतं, ते फक्त म्हणायला नव्हतं, लोकांनी डोळ्यांनी बघितलेलं. पण ही गोष्ट तिथे गोड होऊन संपत नाही. २०२५ मध्ये पुन्हा भांडण पेटलं, या वेळी सख्ख्या बहिणींशी, आणि तो परत बाहेर. म्हणजे माणसं कितीही जीव लावणारी असली तरी मालकीचं वर्तुळ त्यांच्या हातात कधीच नसतं. मॅनेजरसारख्या माणसाला हे आतून माहीत असतं, म्हणून तो थोडा हातचा राखून असतो, आणि मला त्याचा राग येत नाही.

सध्या आमच्याकडे गाजतंय ते आतेभावाचं. त्याचं शिक्षण संपलं, तो कारखान्यात येणार, आत्याचे शेअर आहेत त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नाही आणि पोरगा खरंच चांगला आहे. मी दोन अटी घातल्यात. तो मॅनेजरांच्या हाताखाली लागेल, डिस्पॅचपासून, आणि त्याचा रिपोर्ट मॅनेजर लिहितील, घरातलं कुणी नाही. दुसरी, त्या जागेवर बाहेरच्या मुलाला जेवढा पगार दिला असता तेवढाच, मालकीचं जे काय ते वर्षाअखेर आत्याला डिव्हिडंडमधून मिळेल, दोन्ही हिशेब वेगळे. पहिली अट बाबांनी मान्य केली, काकांनी पण नाईलाजाने. मॅनेजरना विचारलं तर ते म्हणाले, "मॅडम, रिपोर्टमध्ये खरं लिहायचं ना?" मी हो म्हटलं, ते म्हणाले मग लेखी द्या, आणि मी दिलं. पगारावर मात्र आत्या अडून बसलीय, तिचं म्हणणं घरच्या मुलाला डिस्पॅचच्या पोराएवढा पगार म्हणजे लोक काय म्हणतील. रविवारी सगळे परत बसणार आहोत, आणि या वेळी बसायची जागा मी ऑफिसमध्ये ठेवलीय, घरी नाही. काकूंना ते आवडलेलं नाही.